मोठ्या जावा प्रकल्पातले कळीचे क्लास ग्राफवरून कसे ओळखायचे?

कोड हजारो क्लासचा असेल आणि कागदपत्रं नसतील, तर अवलंबित्वाचा ग्राफ काढा, म्हणजे कोणता क्लास कोणाला वापरतो याचं जाळं. जेडीके (जावाचा विकास-संच) ८ पासून सोबत येणारं जेडेप्स हे अवलंबित्व शोधणारं साधन पुरेसं आहे. पहिली चूक इथेच होते: 'व्हर्बोज क्लास' हा पर्याय एकाच जारमधले (क्लासच्या एका गठ्ठ्यातले) आपसातले संबंध गाळतो, म्हणजे नेमकं हवं तेच जातं. नुसता 'व्हर्बोज' द्या. मग जेडीकेचे आणि बाहेरच्या लायब्ररींचे क्लास, तसंच टेस्ट काढून टाका.

'अ' जर 'ब' वापरत असेल तर बाण 'अ'कडून 'ब'कडे. पायथनच्या नेटवर्कएक्स या ग्राफ-लायब्ररीत पेजरँक चालवा; ज्याच्याकडे जास्त आणि वजनदार बाण येतात त्याला तो वर ठेवतो. डॅम्पिंग (बाणांमागे पुढे जात राहण्याची शक्यता) ०.८५ असू द्या. वरच्या रांगेत लॉगर, स्ट्रिंगची हत्यारं, एरर-क्लास दिसतील. सगळे त्यांना वापरतात, पण ते स्वतः काहीच ठरवत नाहीत. त्यामुळे नुसत्या पेजरँकवर विसंबू नका. बाण उलटे करून पुन्हा चालवा किंवा हिट्स या दुसऱ्या पद्धतीतला हब गुण पाहा; महत्त्वाच्या क्लासना वापरणाऱ्यांचा तो जास्त असतो. दोन्हीकडे वर असलेले क्लास आधी वाचायला घ्या, माझ्या मते खरा कणा तिथेच सापडतो. बिटवीननेस (एखादा क्लास इतरांमधल्या किती वाटांवर येतो) उपयोगी, पण मोठ्या ग्राफवर रेंगाळतो. काहीशे नोड्सचा (इथे क्लासचा) नमुना घेऊन अंदाज काढा.

स्प्रिंगसारखी फ्रेमवर्क असेल तर रिफ्लेक्शन (क्लास चालू असताना नावावरून शोधणं) आणि एक्सएमएलमधून होणाऱ्या जोडण्या बाइटकोडमध्ये, म्हणजे जेडेप्स वाचतं त्या संकलित कोडमध्ये, दिसतच नाहीत. त्या हाताने भरा, नाहीतर महत्त्वाचा क्लास एकटा पडलेला दिसेल. शेवटी गिटचा इतिहास ताडून पाहा: कोणत्या फाइल वारंवार एकाच कमिटमध्ये बदलतात?