‘निनोच्का’सारखे, कम्युनिझमची टर उडवणारे जुने हॉलिवूडचे प्रेमपट आणखी कोणते? आज ते निव्वळ प्रचारपट वाटतात का?

आहेत की. पण ‘निनोच्का’ (१९३९) नीट पाहिला नसेल तर आधी तोच बघा. बाकीचे बहुतेक त्याचेच नातेवाईक, काही सख्खे, काही लांबचे.

दिग्दर्शक एर्न्स्ट लुबिच, पटकथाकारांत बिली वाइल्डर. रशियन क्रांतीत जप्त झालेले, झारच्या राजघराण्यातल्या एका ग्रँड डचेसचे दागिने विकायला तीन सोव्हिएत अधिकारी पॅरिसला येतात आणि महागड्या हॉटेलात मस्त रमतात. त्यांना वठणीवर आणायला मॉस्कोहून कडक शिस्तीची निनोच्का (ग्रेटा गार्बो) येते आणि डचेसच्याच मर्जीतल्या लिऑनच्या प्रेमात पडते.

स्टेशनवर मॉस्कोची खबरबात विचारल्यावर ती सांगते की सामूहिक खटले फारच यशस्वी झाले, आता रशियन लोक कमी पण चांगले उरतील. विरोधकांना संपवायला स्टालिनने चालवलेले ते खटले तेव्हा जेमतेम वर्ष-दीड वर्षापूर्वीचे. चेहऱ्यावरची रेषही न हलवता गार्बो हे बोलते. आपण हसतो आणि लगेच चपापतो.

पण त्याच स्टेशनवर हमाल तिची बॅग उचलायला येतो, तेव्हा ती म्हणते की हा धंदा नव्हे, सामाजिक अन्याय आहे. हमालाचं उत्तर: ते टिप किती मिळते त्यावर आहे! मला हा सिनेमा आवडतो तो इथे. चिमटा दोन्हीकडे काढलाय. लिऑन स्वतः काडीचं काम करत नाही, डचेसच्या जिवावर ऐटीत जगतो. आणि निनोच्काला कुठेही मूर्ख केलेलं नाही. हॉटेलातल्या काचेच्या कपाटात एक विचित्र टोपी दिसते, तेव्हा बायकांना असलं काही डोक्यावर घालू देणारी संस्कृती टिकणार कशी, असं ती बोलून दाखवते. पुढे एके दिवशी ती तिघांना बाहेर पाठवते, दाराला कडी लावते, कुलूपबंद खणातून तीच टोपी काढते आणि आरशासमोर बसून चढवते. या प्रसंगात एकही संवाद नाही. ‘गार्बो हसते!’ अशी जाहिरात केलेला हास्याचा प्रसंग जास्त गाजला, पण माझं मत टोपीला.

उत्तरार्धात मॉस्कोत, दाटीवाटीच्या खोलीत, जुने मित्र आपापलं अंडं घेऊन येतात तेव्हा कुठे सगळ्यांचं मिळून ऑम्लेट होतं. लिऑनचं पत्र येतं, पण सेन्सॉरने मायना आणि सही सोडून सगळं खोडलेलं. निव्वळ प्रचार करणाऱ्याला हा हळवेपणा सुचला नसता. वापर मात्र प्रचारासाठी झालाच: १९४८च्या इटलीतल्या निवडणुकीत कम्युनिस्टांविरुद्ध तो मुद्दाम दाखवला गेला.

‘कॉम्रेड एक्स’ (१९४०) मात्र घाईत शिजवलेला. क्लार्क गेबल मॉस्कोतला अमेरिकन पत्रकार, हेडी लमार ट्राम चालवणारी कट्टर कम्युनिस्ट. शेवटी रणगाड्यांची पळापळ, बास. जून १९४१मध्ये हिटलरने रशियावर हल्ला केला, पुढे रशिया अमेरिकेचा दोस्त झाला आणि हॉलिवूडचा सूरच पालटला. ‘सिल्क स्टॉकिंग्ज’ (१९५७) म्हणजे ‘निनोच्का’च, फक्त गाण्यांसकट. सिड चारिसच्या नाचासाठी बघा, बाकी विसरलात तरी चालेल.

खरा वारसदार वाइल्डरनेच काढला: ‘वन, टू, थ्री’ (१९६१). पश्चिम बर्लिनमधल्या कोका-कोलाच्या साहेबाकडे (जेम्स कॅग्नी) वरिष्ठांची मुलगी पाहुणी म्हणून राहते आणि पूर्व बर्लिनच्या एका तापट कम्युनिस्ट पोराशी गुपचूप लग्न करून बसते. आईबाप पोचायच्या आत त्या पोराचा खानदानी भांडवलदार करायचा! पूर्व जर्मन पोलीस त्याला ‘यलो पोल्का डॉट बिकिनी’चं गाणं पुन्हा पुन्हा ऐकवून गुन्हा कबूल करायला लावतात. चित्रीकरण चालू असतानाच बर्लिनची भिंत उभी राहिली, त्यामुळे शहराच्या सीमेवरच्या ब्रांडेनबुर्ग गेटचा सेट म्युनिकमध्ये बांधावा लागला, आणि प्रदर्शनाच्या वेळी कुणाला हसायचं नव्हतं. सिनेमा पडला. १९८५मध्ये पश्चिम जर्मनीत पुन्हा लागला तेव्हा मात्र लोकांनी डोक्यावर घेतला. सबटायटल्स लावूनच बघा, कॅग्नी श्वास घ्यायलाही थांबत नाही.