पहिल्यांदाच मोठ्या हॉटेलात राहताय? मग हे वाचा

खोली बुक झाली की लगेच स्पाची, म्हणजे मसाज वगैरेची वेळही घेऊन ठेवा. संध्याकाळच्या वेळा सगळ्यात आधी भरतात, म्हणून मी तर पोहोचण्याआधीच फोन करते. वेळेच्या 15-20 मिनिटं आधी जा. उशीर झाला तर सहसा तुमचीच मिनिटं कापली जातात. तिथे एक फॉर्म भरायला देतात, तो घाईत भरू नका. रक्तदाब, गरोदरपण, नुकतंच झालेलं ऑपरेशन, सगळं लिहा. मसाज सुरू झाल्यावर दाब जास्त वाटला तर निःसंकोच सांगा. मी पहिल्या वेळी भिडेखातर दात आवळून पडून राहिले आणि दोन दिवस खांदा धरला होता. भरपेट जेवून तर मुळीच जाऊ नका. सॉनात, म्हणजे घाम काढणाऱ्या गरम खोलीत, पहिल्यांदा 5-10 मिनिटं पुरे, नंतर पाणी प्या.

जेवणाचं टेबलही आधीच सांगून ठेवा, कपड्यांचे नियम विचारा.

आणि हो, चेक-इनच्या वेळी कार्डावर अनामत रक्कम अडकवतात. ती सुटायला काही दिवस लागू शकतात, तेव्हा खात्यात तेवढी मोकळीक ठेवा. काही मिनीबारना, म्हणजे खोलीतल्या पेयांच्या छोट्या फ्रिजना, सेन्सर असतो, बाटली नुसती उचलली तरी बिलात लागू शकते. निघण्याच्या आदल्या रात्रीच बिल मागवून एकेक ओळ तपासा.