जीएनएमनंतर 'पेशंट एक्स्पिरियन्स'चा कोर्स करावा का?

तुम्ही विचारलंय की जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) होऊन चार वर्षं झाली, मेडिसिन वॉर्डात आहात, रुग्णांचा अनुभव सुधारायची तळमळ आहे, तर पेशंट एक्स्पिरियन्सचा सर्टिफिकेट कोर्स करावा की पोस्ट बेसिक बी.एस्सी. (जीएनएमनंतरची नर्सिंगची पदवी)?

पोस्ट बेसिक करा. २ वर्षं जातील, पण त्याशिवाय जीएनएमवाल्यांना एम.एस्सी. नर्सिंगची वाट नाही. शिकवण्यात रस नसेल आणि वॉर्डच आवडत असेल, तर क्रिटिकल केअर, ऑन्कोलॉजी (कर्करोग) किंवा निओनेटलचा (नवजात बाळांचा) १ वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा जास्त उपयोगी पडेल. सरकारी नोकरीत अधिपरिचारिका, परिसेविका, सहायक अधिसेविका, अधिसेविका अशी चढण आहे आणि ती हळू चढावी लागते. नर्सिंग कौन्सिलकडे वाढीव शिक्षणाची नोंद करायला विसरू नका.

आता सर्टिफिकेट कोर्सचं. नमस्कार कसा करावा आणि आवाज किती मऊ ठेवावा, हे शिकायला फी भरू नका. रुग्ण घरी गेल्यावर सांगतो ते एवढंच की सुई किती वेळा टोचली, बेल वाजवल्यावर कोण कधी आलं, आणि आपल्याला काय चाललंय हे कुणी सांगितलं का. तेव्हा आधी हात सुधारा.

इंट्राकॅथचंच घ्या, म्हणजे सलाईनसाठी शिरेत ठेवायची प्लास्टिकची नळी, जी सुईवर बसवलेली असते. मोठ्या माणसाला साध्या सलाईन-अँटिबायोटिकसाठी २० नंबरची गुलाबी किंवा २२ची निळी पुरते. वॉर्डात सवयीने १८ची जाड हिरवी उचलली जाते आणि बारीक शिरेत ती दोन दिवसांत दुखायला लागते. रक्त भराभर द्यायचं असेल, ऑपरेशनला जायचं असेल, तर मात्र १८च हवी. ज्या हाताने रुग्ण जेवतो तो हात सोडा. डायलिसिसचा फिस्टुला (शीर-धमनीचा जोड) असलेला किंवा स्तनाचं ऑपरेशन झालेल्या बाजूचा हात वर्ज्य. मनगट आणि कोपराचा सांधा टाळा, नाहीतर हात वाकवला की सलाईन बंद, पंपाचा अलार्म चालू आणि रात्रभर झोप नाही.

टुर्निकेट (दंडाला आवळायचा पट्टा) टोचायच्या जागेच्या चार बोटं वर बांधा, मिनिटाच्या आत सोडा. शीर दिसत नसेल तर हात खाली लोंबकळू द्या, गरम ओला टॉवेल गुंडाळा. थापडा मारू नका. स्वॅबने ३० सेकंद घासा आणि पूर्ण वाळू द्या. ओल्या स्पिरिटमधून सुई गेली की जी आग होते तिला रुग्ण 'सिस्टरचा हात जड आहे' म्हणतो. कातडी खालून ताणून धरा, १५ ते ३० अंशांत शिरा. सुईमागच्या चेंबरमध्ये रक्त दिसलं की बहुतेकांची चूक होते: तिथेच थांबून प्लास्टिक ढकलायला जातात. सुईचं टोक शिरेत असतं, पण प्लास्टिकचं टोक अजून बाहेर असतं, म्हणून ते अडतं आणि शीर फुगते. रक्त दिसलं की कोन खाली आणा, २ मिलिमीटर पुढे जा, मगच सुई स्थिर धरून प्लास्टिक सरकवा. कोन न उतरवता पुढे गेलात तर शिरेची मागची भिंत फुटते. काढलेली सुई पुन्हा प्लास्टिकमध्ये कधीही घालू नका, तुकडा कापून शिरेत राहू शकतो. दोन प्रयत्न फसले की दुसऱ्या सिस्टरला हाक मारा. तिसरा प्रयत्न आपल्या मानासाठी असतो, रुग्णासाठी नव्हे.

स्टिकिंगवर (चिकटपट्टीवर) तारीख-वेळ लिहा. टोचलेली जागा दर पाळीला बोटाने दाबून बघा. लाल, गरम, दुखरी असेल तर 'चालतंय अजून' म्हणू नका, काढा.

सलाईनचा वेग ठरलाय तेवढाच सांभाळा. ५०० मिली ४ तासांत, मिलीला २० थेंबांचा सेट, म्हणजे मिनिटाला ४२ थेंब. रुग्ण उठून बसला की वेग बदलतो, नातेवाईक नळीवरचं चाक फिरवतात ते वेगळंच. व्हँकोमायसिन १ ग्रॅमला किमान तास द्या, घाईत सोडलंत तर मान-छाती लाल होऊन खाज सुटते. पोटॅशियम हातात जळतं हे आधी सांगा, जळलं की लगेच बोलवा म्हणावं. आणि बाटली किती वाजता संपेल, तेव्हा कोण येईल, हे सांगून जा. ते कळलं नाही तर बाटली रिकामी झाली की हवा जाईल या धास्तीने म्हातारी बाई रात्रभर डोळा न मिटता थेंब मोजत बसते.

आता ओव्हरबद्दल, म्हणजे पाळी बदलताना पुढच्या सिस्टरला रुग्ण सोपवण्याबद्दल, ज्यावर मी इनचार्ज सिस्टरांशी वर्षानुवर्षं वाद घातलाय. काउंटरवर बसून वहीतून दिलेली ओव्हर मला मान्य नाही. 'वेळ जातो' हे कारण खोटं आहे. वेळ जातो तो नंतर, सापडलेल्या गोष्टी निस्तरण्यात. बेडशी उभं राहा: इंट्राकॅथची जागा, बाटलीत किती उरलंय, युरोबॅग (लघवीची पिशवी), कुशीवर वळवून माकडहाडाजवळची कातडी, राहिलेला डोस. आणि एनबीएम (तोंडाने काही द्यायचं नाही) का आणि कधीपर्यंत. तपासणी रद्द होते, वहीत एनबीएम तसंच राहतं आणि डायबेटिसचा माणूस दुपारपर्यंत उपाशी पडतो. बेडशी विचारलं असतं तर तोच म्हणाला असता, 'सिस्टर, मला खायला कधी देणार?'

हे मान्य की इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण जनरल हॉस्पिटलला ५ रुग्णांमागे १ परिचारिका असं आहे आणि नाईटला एकटीवर ३० बेड असतील तर यातलं निम्मंही जमणार नाही. तेव्हा गंभीर रुग्ण, ऑपरेशनचे आणि एनबीएमवाले एवढ्यांची तरी ओव्हर बेडशी घ्या. क्वालिटी विभागात जायचं ठरवलंत तर सर्टिफिकेटचा थोडा उपयोग आहे, तेही सांगून ठेवते. आणि एचआयव्हीसारखं निदान किंवा रुग्णाला अजून न सांगितलेला बायोप्सीचा रिपोर्ट बेडशी उच्चारायचा नाही. तेवढं काउंटरवर, हळू आवाजात.