मिनेसोटातल्या तळ्यावर पहिला डॉक बांधताय? आधी हे बघा

घर तळ्याकाठी घेतलंत, अभिनंदन! डॉकसाठी (किनाऱ्यावरून पाण्यात जाणारा, बोट लावायचा धक्का) बिल्डर निवडताना लाकूड की ॲल्युमिनियम हा प्रश्न नंतरचा. पहिला प्रश्न बर्फाचा.

आपली तळी हिवाळ्यात गोठतात आणि बर्फ पसरताना किनाऱ्यावरचं काहीही ढकलतो, वाकवतो. म्हणून बहुतेक जण चाकांवरचा किंवा सुटा होणारा डॉक घेतात. तो ऑक्टोबरच्या सुमारास बाहेर, बर्फ वितळला की परत पाण्यात. बिल्डरला थेट विचारा: हे काढणं-लावणं तुम्हीच कराल का, आणि दर वर्षी किती घ्याल? इथे जो गुळमुळीत बोलेल त्याला सोडा. नवखे लोक फक्त बांधणीचा आकडा बघतात आणि पहिल्याच शरद ऋतूत माणसं शोधत फिरतात.

बाकी थोडक्यात:

- बिल्डरने तुमच्याच तळ्यावर बांधलेले चार-पाच वर्षं जुने डॉक बघा, मालकांशी बोला. नव्याकोऱ्या डॉकचे फोटो काहीच सांगत नाहीत.
- डीएनआरच्या (राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या) नियमांत साधारण ८ फुटांपर्यंत रुंदीचा डॉक विनापरवाना चालतो, पण इतर अटीही असतात. मिनेटोंका तळ्याचे तर वेगळेच नियम आहेत. 'परमिटचं नंतर बघू' म्हणणारा नको.
- इन्शुरन्सचा कागद मागा. सगळे पैसे आगाऊ देऊ नका.

दिवे, बोट लिफ्ट (बोट पाण्याबाहेर उचलून ठेवणारी यंत्रणा) यंदा राहू द्या. पुढे वीज घ्याल तेव्हा लायसन्सवाला इलेक्ट्रिशियनच बोलवा. पाण्यात उतरलेला करंट जीव घेतो.

कोटेशन्स आली की दाखवा, मिळून बघू.