जलरंग सोडले तर सरही सुटतात का?

पत्र, थोडक्यात: मी २४ वर्षांची आहे. चित्रकलेची पदवी घेतल्यावर गेली तीन वर्षं एका ज्येष्ठ जलरंग चित्रकारांच्या स्टुडिओत शिकते आहे. आज मला जे काही येतं ते सरांमुळे. पण वर्षभरापासून माझी चित्रं सरांच्या चित्रांची धाकटी बहीण वाटायला लागली आहेत. एका प्रदर्शनात कुणीतरी तसं बोलूनही दाखवलं. सहा महिन्यांपूर्वी सहज चारकोलने एक चित्र काढलं, थोडं खोडलं, पुन्हा काढलं, दर वेळी मोबाईलवर फोटो घेतला आणि फोटो ओळीने लावले. चित्र हललं! तेव्हापासून रात्री तेच करत बसते. (सरांना अजून दाखवलेलं नाही.) सर नेहमी म्हणतात, ‘एक ना धड, भाराभर चिंध्या करू नका.’ आईला वाटतं तीन वर्षं पाण्यात गेली. सर सोडू का? जलरंग सोडू का? आणि हलत्या चित्रांवर पोट भरतं का? अकरा सेकंदांची फिल्म सोबत पाठवते आहे.

उत्तर:

पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तू कंसात टाकलं आहेस. सर सोडू का, जलरंग सोडू का, हे उघड विचारलंस. पण सहा महिने काम लपवून ठेवलंस ही गोष्ट दोन कंसांत बसवून पुढे निघून गेलीस. म्हणून मी तिथूनच सुरू करतो.

सर रागावतील म्हणून लपवलंस, असं मला वाटत नाही. तुझ्या अख्ख्या पत्रात सर कुठेच रागावताना दिसत नाहीत. भीती बहुतेक ही असावी की जलरंग बाजूला ठेवले, तर सरांनी जे जे दिलं ते सगळं त्यांच्या दारात परत ठेवून आल्यासारखं होईल. जलरंगवाल्याकडून जलरंगच मिळतात, असं तू धरून चालली आहेस. आईही तेच धरून चालल्या आहेत, नाहीतर तीन वर्षं पाण्यात गेली असं त्यांना वाटलं नसतं. (जलरंगवालीची तीन वर्षं पाण्यातच जाणार म्हणा!)

आता एक गुरुपरंपरा बघ. अवनींद्रनाथ टागोरांचं नाव वॉश पद्धतीशी जोडलेलं आहे: रंग लावायचा, कागद पाण्यात बुडवायचा, सुकला की पुन्हा रंग. त्यांचे शिष्य नंदलाल बोस त्याच धूसर वॉशमध्ये तयार झाले. पण काँग्रेसच्या हरिपुरा अधिवेशनासाठी केलेली त्यांची १९३८ची पोस्टर्स काढून बघ. ठसठशीत रेषा, सपाट टेम्पेरा (अपारदर्शक, चटकन सुकणारे रंग), गुरूच्या धुक्याचा मागमूस नाही. नंदलालांचे शिष्य बिनोदबिहारी मुखर्जी. शांतिनिकेतनच्या हिंदी भवनातलं मध्ययुगीन संतांचं मोठं भित्तिचित्र त्यांचं, १९४७चं. त्यांची नजर जन्मापासून अधू होती; एक डोळा निकामी, दुसऱ्याने जवळचंच दिसायचं. पन्नाशी ओलांडल्यावर मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर तेवढंही गेलं. त्यानंतर त्यांनी रंगीत कागद कापून चिकटवायला घेतला, आणि १९७२ मध्ये शांतिनिकेतनातल्याच कलाभवन या कलाशाळेच्या भिंतीवर टाइल्सचं म्युरल केलं. न दिसणाऱ्या माणसाने. त्यांचे विद्यार्थी के. जी. सुब्रमण्यन: टेराकोटाची उठावशिल्पं, काचेच्या मागच्या बाजूने रंगवलेली चित्रं, मुलांची खेळणी, काय वाट्टेल ते. आणि सुब्रमण्यनांची बडोद्यातली विद्यार्थिनी मृणालिनी मुखर्जी, ही बिनोदबिहारींचीच मुलगी. शिकली पेंटिंग, आणि १९७०च्या दशकापासून जाड दोराला हाताने गाठी मारत माणसाच्या उंचीची शिल्पं उभी करत राहिली. पुढे सिरॅमिक, त्याच्यापुढे ब्राँझ.

या पाचांपैकी कुणीही गुरूच्या माध्यमात कायमचा मुक्काम ठोकला नाही. तरी सगळी एकाच घरातली वाटतात. झाडाकडे, पानाकडे, कामात गुंतलेल्या माणसाकडे बघायची एक सवय त्यांच्यात हातोहात पुढे गेली. कारागिरीला कमी लेखायचं नाही, हेही गेलं. सुब्रमण्यन १९५९ ते १९६१ या काळात हातमाग मंडळात काम करत होते. विणकराला जे कळतं ते चित्रकाराला कळतं त्याहून खालचं आहे असं त्यांनी कधी मानलं नाही. अशा माणसासमोर एक विद्यार्थिनी दोर हातात घेऊन बसते, तेव्हा तिला ‘चित्रकार ना गं तू?’ हे ऐकावं लागत नाही.

आता तुझी फिल्म. मी ती सात-आठ वेळा बघितली.

एक बाई खिडकी लावते, दिवा लावते, खुर्चीत बसते. एवढंच. खिडकी बंद झाल्यावर उघड्या पल्ल्याची राखाडी खूण तिथेच राहते, आणि बाई खुर्चीपर्यंत जाते तिच्या मागे पुसट बायकांची रांग उरते. चारकोल कागदाच्या खरबरीत पोतात शिरतो, खोडला तरी पुरता जात नाही. ते तू दोष म्हणून झाकलं नाहीस, हे मला फार आवडलं. दक्षिण आफ्रिकेचे विल्यम केंट्रिज १९८९ पासून याच खुणेवर काम करत आले आहेत: मोजकी मोठी चारकोल चित्रं, तीच खोडायची, बदलायची, शूट करायची. त्यांच्या फिल्म बघ, पण आत्ता नको. आणखी दोन-तीन स्वतःच्या झाल्या की बघ, नाहीतर एका सरांची धाकटी बहीण व्हायची थांबशील आणि दुसऱ्यांची होशील.

पण मी फिल्म थांबवली ती दिव्यापाशी. दिव्याभोवतीचा उजेड तू खोडरबराने काढलेला नाहीस. चारकोलवाला काय करतो? आधी सगळं काळं भरतो आणि मग रबराने उजेड उचलतो. तू तिथला कागद पहिल्या फ्रेमपासून कोरा ठेवला आहेस. दिवा लागायला अजून सहा सेकंद आहेत, आणि त्याची जागा मात्र राखून ठेवलेली! ही जलरंगवाल्याची खोड आहे. पांढरा रंग नंतर लावता येत नाही, तो आधीच सोडायला लागतो, हे हाताला कळायला वर्षं लागतात. चारकोलच्या वर्गात ते कुणी शिकवणार नाही. तुझे सर त्या फिल्ममध्ये बसले आहेत, दिव्याच्या अगदी शेजारी.

म्हणजे ‘भाराभर चिंध्या’ हे चूक का? तसं नाही, आणि इथे मला माझी एक चूक सांगायला हवी. बऱ्याच वर्षांपूर्वी एक मुलगा माझ्याकडे यायचा. तैलरंगांतून फोटोग्राफी, फोटोग्राफीतून सिरॅमिक, तिथून व्हिडिओ. दर वेळी मी त्याला ‘प्रयोगशील’ म्हणून शाबासकी दिली. चार वर्षांनी त्याच्या पोर्टफोलिओत चार सुरुवाती होत्या आणि एकही पूर्ण काम नव्हतं. माध्यमातला अवघड भाग आला की तो माध्यमच बदलत होता. मला ते दुसऱ्या उडीलाच दिसायला हवं होतं.

तुझं तसं आहे का, हे मला अकरा सेकंदांवरून सांगता येणार नाही, पण तुला कळेल. चारकोलचाही कंटाळवाणा भाग आता येईलच. सेकंदाला १२ फोटो धरले तर अकरा सेकंदांना १३२ होतात. एक मिनिट म्हणजे ७२०. तुझ्या फिल्ममध्ये उजेड मध्येच उडतो, कारण मोबाईल प्रत्येक फोटोला एक्स्पोजर स्वतः ठरवतो आहे. एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स लॉक कर, ट्रायपॉड जमिनीला टेपने चिकटव, खिडकीचा उजेड बंद करून एकाच दिव्याखाली काम कर, आणि काळे कपडे घाल, कारण पांढऱ्या कुर्त्याचा उजेडही कागदावर पडतो. फिक्सेटिव्ह (चारकोल कागदावर पक्का करणारा फवारा) शेवटच्या फ्रेमआधी मारू नकोस. मारलंस की खोडता येणार नाही. कागद तुझ्याकडे आहेच: जलरंगाचा ३०० जीएसएमचा जाड कागद इतकं खोडणं सहन करतो. हे सगळं करून, ६०० फोटोंनंतर, तुला ७०० करावेसे वाटले तर ती चिंधी नाही.

इथे तुला दुसऱ्या गुरूची गरज लागेल. हालचालीचा वेग, एखादी कृती सुरू होण्याआधीचा क्षणभराचा थांबा, हे तुझ्या सरांना शिकवता येणार नाही आणि त्यांनी शिकवावं ही अपेक्षाही नको. ते ॲनिमेशनवाल्यांकडून घे. वयाने तुझ्याहून लहान असला तरी चालेल. छापचित्रकार कृष्णा रेड्डींचंच बघ, तेही नंदलालांच्या शांतिनिकेतनातलेच. ते पॅरिसला झादकिन या शिल्पकाराकडे शिल्पकला शिकले, आणि छापचित्रकार हेटरच्या ‘आतलिए १७’ या छापकामाच्या कार्यशाळेत शिरले. तिथे धातूच्या प्लेटकडे त्यांनी शिल्पकारासारखं बघितलं, ती वेगवेगळ्या खोलीवर कोरली. शाईत तेल कमीजास्त केलं की एक शाई दुसरीला चिकटत नाही आणि मऊ-कडक रोलर वेगवेगळ्या खोलीला पोचतात. त्यातून एकाच प्लेटवरून, एकाच दाबात अनेक रंग उठवायची पद्धत तिथल्या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी घडवली. छापकामात मुरलेले लोक त्या कार्यशाळेत होतेच. प्लेटला खोली असते हे हाताने जाणणारा शिल्पकार बाहेरून आला. शिकायला आलेला माणूस रिकाम्या हाताने येत नाही. तूही जाशील तेव्हा दिव्याभोवतीचा कोरा कागद घेऊन जाशील.

सर सोडण्याबद्दल. शिल्पकार ब्रांकुशी १९०७ मध्ये नामवंत फ्रेंच शिल्पकार रोदाँच्या स्टुडिओतून जेमतेम महिना-दोन महिन्यांत बाहेर पडला, आणि मोठ्या झाडांखाली काही उगवत नाही अशा अर्थाचं वाक्य त्याच्या नावावर सांगितलं जातं. गुरू सोडायच्या विचारात असलेला प्रत्येक विद्यार्थी मला ते ऐकवतो. पुढचं कुणी सांगत नाही. बाहेर पडल्यावर ब्रांकुशीने केलं काय, तर ‘चुंबन’. रोदाँचाच गाजलेला विषय! फक्त रोदाँ मातीत घडवायचा आणि संगमरवरात ते मदतनीस उतरवायचे, तर याने थेट दगडावर छिन्नी धरली. स्टुडिओ सुटला, संभाषण चालूच राहिलं. तुझे सर काही रोदाँ नाहीत आणि तू रोज त्यांच्या सावलीत गुदमरत असल्याचंही पत्रातून दिसत नाही. रोजचं जाणं आठवड्यातून एकदा कर. ते पुरे आहे.

आणि फिल्म दाखव. आधी भूमिका मांडू नकोस, माफी तर मुळीच मागू नकोस. एकदा दाखव, पुन्हा एकदा दाखव. ‘आवडली का?’ विचारू नकोस, त्याला उत्तर नसतं. ‘करू का?’ तर अजिबात नको. ‘सर, खुर्चीच्या मागचा टोन दिव्याच्या उजेडाला खातोय का?’ असं विचार. खातोय, बरं का. त्याचं उत्तर त्यांच्याइतकं चांगलं तुला कुठलाही ॲनिमेटर देणार नाही. ते खरंच नाराज झाले, तर थोडे दिवस जाऊ दे. ज्येष्ठ माणसांना नवं काम आवडायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो, एवढाच अर्थ घे.

आता आईंचा प्रश्न. त्यांना टाळू नकोस, त्यांचा प्रश्न रास्त आहे. निव्वळ अशा फिल्मवर पहिली काही वर्षं पोट भरत नाही, हे सरळ सांगून टाक. भरतं ते भोवतालच्या कामांवर: पुस्तकांची चित्रं, जाहिरात आणि चित्रपटांचे स्टोरीबोर्ड, नाटकातली प्रोजेक्शन्स, माहितीपटांतले ॲनिमेशनचे तुकडे, शिकवणं. जलरंग विकले जात असतील तर ते चालू ठेव, त्यात कसला कमीपणा? फिल्मसाठी काढलेली मूळ चित्रं स्वतंत्र चित्रं म्हणून प्रदर्शनात लागतात, म्हणून शेवटच्या अवस्थेतलं प्रत्येक चित्र तारीख घालून जपून ठेव. व्हिडिओ-कला विकली जाते ती ठरावीक प्रतींच्या आवृत्तीत, सहीच्या प्रमाणपत्रासकट. तेव्हा पूर्ण फिल्म मोठ्या आकारात इंटरनेटवर टाकून मोकळी होऊ नकोस, छोटा तुकडा टाक. ॲनिमेशनचे महोत्सव आहेत, फ्रान्समधला आनसीचा तर १९६० पासूनचा. तिथे लहान फिल्मना स्वतंत्र विभाग असतो. रेसिडेन्सीसाठी (कलाकाराला काही काळ तिथे राहून काम करू देणारी योजना) अर्ज करशील तेव्हा ते कामाचे नमुने, एका पानाचा प्रस्ताव आणि बहुतेक वेळा तुझं काम जवळून पाहिलेल्या ज्येष्ठ कलाकाराचं शिफारसपत्र मागतील. ते पत्र कोण देणार, हे मी सांगायला नको.

एक शेवटचं, आणि हा सल्ला नाही, मला स्वतःला बघायची हौस आहे. ओल्या कागदावर रंगाचा थेंब पडतो, कडा फुटते, रंग सरकत सरकत कोरड्या भागाच्या सीमेवर येऊन थबकतो. हे तू तीन वर्षं रोज बघते आहेस, सर त्याहून कितीतरी जास्त. दोघांनीही वाळलेलंच चित्र लोकांना दाखवलं. दाखवायला जाशील तेव्हा मोबाईल आणि ट्रायपॉड घेऊनच जा. ब्रश त्यांना धरू दे.