लोनवर जर्मनीला जायचं तर सहा लाख कशाचे?

राम राम भाऊ. तुमचा मुलगा १९ वर्षांचा, भारतातल्या एका फुटबॉल क्लबाशी त्याचा करार आहे. एजंट म्हणतो, जर्मनीत पाचव्या स्तरावरच्या क्लबात एक हंगाम लोनवर पाठवतो, आधी सहा लाख भरा. त्यासाठी परभणीचं वावर गहाण टाकावं का, असं तुम्ही विचारलंत. टाकू नका. मी इथं जर्मनीतच राहतो, आमच्या गावच्या क्लबाच्या मॅचला गेटवर तिकिटं फाडतो, त्यामुळं खालच्या लीगचा कारभार जवळून दिसतो.

लोन हा दोन क्लबांतला व्यवहार. खेळाडू मूळ क्लबाचाच राहतो, ठरल्या मुदतीपुरता दुसरीकडं खेळतो, पगार कुणी किती द्यायचा ते क्लब आपसात ठरवतात. इंग्लंडच्या टॉटनहॅम क्लबानं १७ वर्षांच्या हॅरी केनला जानेवारी २०११ मध्ये तिसऱ्या स्तरावरच्या लेटन ओरिएंटला धाडलं ते असंच. यात बापाच्या खिशाचा संबंध येतो कुठं? शिवाय भारतीय महासंघाकडून जर्मन महासंघाकडं आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर सर्टिफिकेट, म्हणजे खेळाडू दुसऱ्या देशात नोंदवायचा दाखला, गेल्याबिगर पोराला अधिकृत मॅच खेळता येत नाही. म्हणून आधी त्याच्या क्लबाच्या मॅनेजरलाच विचारा, जर्मनीहून काही पत्र आलंय का. त्यांना पत्ताच नसेल तर लोन नाहीच, दुसरंच काहीतरी आहे.

खरी मेख व्हिसात आहे. युरोपबाहेरच्या खेळाडूला व्यावसायिक म्हणून इथं आणायचं तर सरकारी पेन्शनची वर्गणी ज्या कमाल पगारापर्यंत कापतात, त्याच्या निम्म्याइतका तरी पगार क्लबानं त्याला द्यावा लागतो. २०२५ मध्ये हा निम्मा आकडा महिन्याला ४,०२५ युरो होता. वर खेळाच्या महासंघानं त्याची पात्रता मान्य करावी लागते. आता पाचव्या स्तराला, म्हणजे ओबरलिगात, एवढा पगार कोण देतो? आमचा स्ट्रायकर दिवसभर भिंती रंगवतो. संध्याकाळी प्रॅक्टिसला येतो तेव्हा नखांत पांढरा रंग तसाच असतो, आणि बूट बांधता बांधता पाव खात असतो. जर्सी क्लबातल्या एक आजी धुतात, फुकट. चांगली माणसं आहेत, पण परदेशी पोराला पोसायची ऐपत त्यांची नाही.

टुरिस्ट व्हिसावर ट्रायलला आणतो म्हणाला, तर तो ९० दिवसांत संपतो आणि त्यावर नोकरी करता येत नाही.

लेकराला यायचंच असेल तर शिक्षणाच्या वाटेनं येऊ द्या. त्यालाही पैसा लागतोच: ब्लॉक खात्यात, म्हणजे व्हिसासाठी पैसे अडकवून ठेवायच्या बँक खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. पण ते पैसे त्याच्याच नावावर राहतात, दर महिन्याला थोडे थोडे हातात येतात. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणी फी नाही. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात मात्र आपल्यासारख्यांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात. शिकता शिकता गावच्या क्लबात हौशी म्हणून नाव नोंदवता येतं. ट्रान्सफर सर्टिफिकेट तेव्हाही लागेल. जर्मन मात्र आतापासून शिकायला लावा, बी-१ या मधल्या पातळीपर्यंत तरी. ड्रेसिंग रूममध्ये कुणी इंग्रजीत बोलायचा त्रास घेत नाही. आणि फेब्रुवारीतल्या प्रॅक्टिसला परभणीच्या उन्हात वाढलेल्याची बोटं बधिर होतात, हेही कानावर घाला.

एजंटाचं पूर्ण नाव फिफाच्या, म्हणजे जागतिक फुटबॉल महासंघाच्या, परवानाधारक एजंटांच्या यादीत तपासा, ती ऑनलाइन आहे. आणि तो कोणत्या क्लबाचं नाव घेतोय ते मला कळवा, मी इथून फोन लावून विचारतो.