गाडी उंच करायची की नुसती बैठक?

प्रश्न: माझं वय 71. सेडान 6 वर्षांची आहे, कर्ज फिटलंय. गुडघ्यांमुळे गाडीत बसता-उतरताना जीव मेटाकुटीला येतो. गॅरेजवाला चारही स्प्रिंगांना स्पेसर (उंची वाढवणारे ठोकळे) घालून गाडी 4 सेंटीमीटर उचलून देतो म्हणतो. पुढच्या महिन्यात एक मुदत ठेव सुटते आहे. त्यातून हे काम करून घेऊ का?

उत्तर: तुम्हाला हा खर्च परवडेल. प्रश्न एवढाच की तो तुमच्या दुखण्यावर लागू पडेल का.

गाडी उचलली की सीट वर येते, पण दाराखालची पट्टीही तेवढीच वर जाते. त्रास खोल बसण्याचा आणि तिथून उठण्याचा असेल, तर फायदा होईल. पाय उचलून आत घेताना गुडघा दुखत असेल, तर तोच पाय रोज 4 सेंटीमीटर जास्त उचलावा लागेल. तुमचं दुखणं यातलं कुठलं, हे पैसे न मोडता कळू शकतं. सपाट जागी चारही चाकांखाली 4 सेंटीमीटर जाडीच्या रुंद, भक्कम फळ्या घ्या, हँडब्रेक ओढा, चाकांना अडण्या लावा आणि मदतीला कुणालातरी उभं करा. मग जमिनीवरून आत बसा, उतरा, असं पाच-सहा वेळा करा. उतरताना विशेष लक्ष द्या, कारण खरी कसोटी तिथेच लागते. काम झाल्यावर गाडी जशी वाटेल, तशीच ती त्या फळ्यांवर वाटेल.

फरक जाणवला नाही तर विषय संपला. जाणवला, तर गॅरेजवाल्याच्या आकड्यात काय धरलेलं नाही ते विचारा. उंची बदलली की व्हील अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, पुन्हा करावं लागतं, नाहीतर टायर एका बाजूने झिजतात. हेडलाइटचा रोख बदलतो. पुढच्या काचेमागे रस्त्यावरची लेन ओळखणारा कॅमेरा असेल तर त्याची जुळणीही (कॅलिब्रेशन) तपासावी लागेल. वळणावर गाडी जास्त कलते. विमा कंपनीला हा बदल लेखी कळवायलाच हवा. न कळवता केलेला बदल नेमका दाव्याच्या वेळी आडवा येतो. तुमच्याकडच्या वाहन कायद्यात तो बसतो का, हेही आधी पाहून घ्या. आणि गाडी विकताना यातलं काहीच वसूल होत नाही. उलट गिऱ्हाईक मूळ उंची करून मागू शकतं. म्हणून एकूण खर्चाला, ही गाडी तुम्ही आणखी जितकी वर्षं चालवणार तितक्यांनी भागा. दोनच वर्षं उरली असतील, तर मला हा सौदा महाग वाटतो.

त्याआधी एक गोष्ट तपासा. स्प्रिंगा थकून गाडी मुळातच खाली बसली आहे का? बसली असेल तर कंपनीच्या मापाच्या नव्या स्प्रिंगा टाका. तो देखभालीचा खर्च आहे, आणि तो मी बिनदिक्कत करायला सांगेन.

मी तुमच्या जागी असतो तर सुरुवात सीटपासून केली असती. ड्रायव्हर सीटला उंचीचा खटका असेल तर ती पूर्ण वर घ्या. नसेल तर पातळ, कडक, न सरकणारी गादी टाका. मऊ, जाड गादी नको. तिच्यावर बसलं की सीटबेल्टचा पट्टा पोटावर चढतो. दाराच्या कडीत अडकवायची मूठ मिळते, उठताना तिच्यावर भार देता येतो. यात सीट वर येते आणि दाराखालची पट्टी जागच्या जागी राहते. शिवाय गादी आणि मूठ पुढच्या गाडीतही चालतात. तुम्ही उंच असाल आणि डोकं छताला लागत असेल, तर मात्र गादीने अडचण वाढेल. तिथे गाडी उचलण्याचं पारडं जड होतं, कारण बरोबर छतही वर जातं.

ठेवीचं म्हणाल, तर ती रक्कम आजारपणासाठी ठेवलेली असेल तर तिला हात लावू नका. तशी नसेल, तर अल्प मुदतीत पुन्हा गुंतवा आणि उंच बैठकीची गाडी घेण्यासाठी राखून ठेवा. फक्त बँकेत आपोआप नूतनीकरणाची सूचना दिलेली असेल तर ती आत्ताच बदला, नाहीतर पैसे जुन्याच मुदतीसाठी अडकतील.